वाकळ

वाकळ : जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घालून शिवलेले अंथरूण-पांघरूण. सातारा व सांगली जिल्ह्यांत घरोघरी हाच शब्द आहे. इतरत्र ‘गोधडी’ अधिक रूढ आहे. जत तालुक्याच्या कन्नड बोलणाऱ्या गावांत ‘कौदी’ म्हणतात. वाकळ नव्याने शिवण्याचे काम बहुधा उन्हाळ्यात होते. हिवाळ्यात तिला ऊन दाखवणे, झटकणे, ठिगळ लावणे आणि घडी घालणे ही नेहमीची कामे असतात. वाकळ किती वर्षे टिकेल हे शिवणीइतकेच या निगेवर ठरते, म्हणून येथे निगेला अधिक जागा दिली आहे.

व्युत्पत्ती : ‘वाकळ’ हा शब्द संस्कृत ‘वल्कल’ (झाडाच्या सालीचे वस्त्र) यावरून आला, असे सामान्यतः मानले जाते. ध्वनिदृष्ट्या यात अडचण नाही. ‘ल्क’ या जोडाक्षराचे प्राकृतात ‘क्क’ होऊन ‘वक्कल’ हे रूप मिळते. पुढे मराठीत द्वित्व जाऊन आधीचा स्वर दीर्घ होतो आणि दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ होतो. हे दोन्ही बदल मराठीत नेहमीचे आहेत. आक्षेप आहे तो अर्थाबाबत. सालीचे वस्त्र एकपदरी असते आणि ते अंगावर नेसायचे असते. वाकळ अनेकपदरी असून ती पांघरायची किंवा अंथरायची असते. वल्कल हा तपस्व्याचा वेश. त्यावरून कोणतेही जाडेभरडे, गरिबीचे वस्त्र आणि पुढे गरिबाचे पांघरूण, असा अर्थविस्तार झाला असावा. फकीर-जोग्यांच्या चिंध्यांच्या ‘कंथे’चा अर्थही याच अंगाने पसरलेला दिसतो, त्यामुळे हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. ‘गोधडी’चे कूळ वेगळे आहे; तिचे नाते हिंदी ‘गुदडी’ व गुजराती ‘गोदडी’ यांच्याशी आहे. दोन्ही शब्द एकाच मुळाचे मानू नयेत.

वाकळ किती जुनी, हे वस्तूवरून सांगणे अवघड, कारण ती विरेपर्यंत वापरली जाते. भक्तिपरंपरेत जनाबाईची (तेरावे-चौदावे शतक) कथा प्रसिद्ध आहे : विठ्ठल आपला शेला तिच्या घरी विसरून तिची वाकळ पांघरून राउळात गेला. कथेचे आजचे रूप जनाबाईच्या काळातलेच असेल असे धरता येत नाही. तरीही दळण-कांडण करणाऱ्या बाईचे पांघरूण देवाच्या अंगावर शोभले, ही भावना या मुलखात खोल रुजली आहे.

घडण : नऊवारी लुगडे सुमारे ८.२ मीटर लांब असते. त्याचे सुमारे २ मीटरचे चार तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी-शेजारी जोडले की दोन माणसांच्या वाकळेचा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही थर निघतात. काठ आधी कापून काढतात, कारण ते जाड असतात व पोताबरोबर सारखे आटत नाहीत. तेच पुढे कडेच्या पट्टीला उपयोगी पडतात. आत धोतरे, सदरे, फाटकी लुगडी यांचे दोन ते चार थर घालतात. सहाच्या वर थर गेले की सुई अडते आणि टाका तिरपा पडतो. जुनी इरकली लुगडी मऊ असल्याने मोलाची. चंद्रकळा मळखाऊ म्हणून वरच्या थराला घेतात. मात्र तिचा रंग सुटतो का, हे ओला पांढरा फडका घासून पाहावे लागते. कृत्रिम धाग्याची साडी आत घालू नये : ती घाम शोषत नाही, थरांमध्ये सरकते आणि वाकळेत गोळे होतात.

थर जमिनीवर ताणून चार कोपऱ्यांना वजन ठेवतात आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घालतात. ते टाळल्यास मध्ये झोळ येतो व तो नंतर काढता येत नाही. पक्का दोरा कडेकडेने सुरू करून आत येतो. दोन ओळींत एक ते दोन बोटांचे अंतर असते. त्याहून दाट शिवले तर थर आवळले जाऊन मधली हवा निघून जाते आणि वाकळ जड होऊनही ऊब देत नाही. विरळ शिवले तर आतले कापड गोळा होते. ऊब मुळात थरांमध्ये कोंडलेल्या स्थिर हवेची असते.

हिवाळ्यातील निगा : मोठे धुणे हिवाळ्याआधीच उरकलेले असते. घटस्थापनेपूर्वी ‘दसरा काढतात’, तेव्हा घरातल्या साऱ्या वाकळा नदीवर किंवा विहिरीवर जातात. मार्गशीर्ष-पौषात वाकळ धुवू नये. वरून वाळली तरी पोटात ओल राहते आणि कुबट वास येतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा ऊन द्यावे. कृष्णाकाठी सकाळी धुके व दहिवर असते, म्हणून ११ च्या सुमारास बाजेवर किंवा दांडीवर टाकावी, तासा-दीड तासाने उलटावी आणि ३ च्या आत घरात घ्यावी. संध्याकाळपर्यंत राहिली तर सुकलेले कापड पुन्हा गारवा ओढते. काठीने हलके झटकावे. जोरात बडवल्यास जुना दोरा तुटतो. घडीत वेखंडाचा तुकडा किंवा सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवतात.

वाकळ पहिल्यांदा झिजते ती उशाकडच्या कडेला, कारण तेथे तेल, घाम व हनुवटीचे घर्षण लागते. यासाठी उशाची व पायथ्याची बाजू दर महिन्याला बदलणे चांगले. ठिगळ भोकापेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटे मोठे कापावे, कडा आत दुमडाव्यात आणि विणीची दिशा जुळवावी. ठिगळ जुन्या कापडाचेच हवे. नवे कोरे कापड धुतल्यावर आटते आणि भोवतालचे विरलेले पोत फाडते. उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान, डावा तळवा वाकळेच्या खाली. सुईचे टोक खालच्या बोटाला जेमतेम लागले की सारे थर पकडले गेले असे समजून सुई वर वळवायची. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याला गाठी पडतात.

या कामाला नजर आणि बोटे दोन्ही गुंतलेली लागतात, पण घाई चालत नाही. दुपारच्या उन्हात भिंतीला पाठ लावून दोन-चार ओळी घातल्या की मन थाऱ्यावर येते, असे शिवणाऱ्या बायका सांगतात, आणि ते खरेच आहे. हात सुईबरोबर एका लयीत आले की श्वासही संथ होतो. शिवाय कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणता सदरा कोणाचा, हे घरातल्यांना पाठ असते. अंगावरून उतरलेल्या कापडाबद्दलची ही कृतज्ञता बोलून दाखवली जात नाही. वाकळ ओलांडू नये, उठल्यावर लाथेने सारू नये, घडी घालूनच वळणीवर ठेवावी, असे मुलांना सांगितले जाते, त्यात ती दिसते.

माण, खटाव, आटपाडीकडे धनगरांची घोंगडी आणि वाकळ दोन्ही वापरतात : लोकर पाऊस व दहिवर झेलते, वाकळ घरात पांघरायला. पाटण-शिराळ्याच्या दमट भागात वाकळेला ऊन अधिक वेळा द्यावे लागते. मजुरीवर वाकळा शिवून देणाऱ्या बायका गावोगावी आहेत. दर आकार व थरांवर ठरतो.

ठिगळे लावण्यापलीकडे गेलेली वाकळ टाकून देत नाहीत. तिचे टाके उसवून चांगले राहिलेले तुकडे वेगळे काढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात शिवायच्या वाकळेच्या पोटात घालतात. अगदी विरलेले पोतेऱ्याला जातात.