कोठाराची किल्ली आणि न्यायाचा दिवस

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाचे चित्र उभे करतो. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तशी राजा माणसे वेगळी करतो: नीतिमान उजवीकडे, बाकीचे डावीकडे. निवाड्याला लावलेली कसोटी मात्र रोजच्या जगण्यातली आहे: भुकेल्याला जेवू घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची विचारपूस केली का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का. गरजवंतासाठी जे केले किंवा टाळले ते माझ्याबाबतीतच, असे राजा सांगतो. डावीकडच्यांना धक्का बसतो हे समजण्यासारखे आहे, पण उजवीकडचेही चकित होतात. प्रभू, आम्ही तुला भुकेला केव्हा पाहिला, असे तेच विचारतात. पदरी पुण्य पडावे म्हणून त्यांनी काही केलेच नव्हते. माझ्या मते या अध्यायाचा प्राण इथे आहे.

चौथ्या शतकात कप्पदोकियात (आजच्या तुर्कस्तानात) दुष्काळ पडला, तेव्हा कैसरियाच्या बासिल या धर्मगुरूने श्रीमंतांना सुनावले की तुमच्या घरात साठलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि पेटीतला अंगरखा उघड्याचा. पुढे त्याने शहराबाहेर वाटसरू, गरीब आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठा आश्रय उभारला.

पण न्यायाचा दिवस रोजच्या कामात कसा उतरतो ते पाहायचे तर सहाव्या शतकातली संत बेनेडिक्टची मठ-नियमावली वाचावी. तिच्या चौथ्या प्रकरणात न्यायाच्या दिवसाचे भय बाळगा, मृत्यू रोज डोळ्यांसमोर ठेवा, असे सांगितले आहे. त्याच यादीत गरिबांना आधार द्या, आजाऱ्यांना भेटा, मृतांना मूठमाती द्या, आणि कोणाशी भांडण झाले तर सूर्य मावळण्याआधी समेट करा, हेही आहे. 31वे प्रकरण मठाच्या कोठावळ्यासाठी आहे. आजारी, मुले, पाहुणे आणि गरीब यांची नीट काळजी घे, कारण न्यायाच्या दिवशी या सगळ्यांचा जाब तुला द्यावा लागेल, असे त्याला बजावले आहे. मठातली भांडी-अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपायची. कोणी काही मागितले आणि देण्यासारखे काहीच नसले, तर निदान गोड शब्द तरी द्यायचा. जेवण वाढताना ना तोरा, ना चालढकल.

मत्तयच्या सहा कामांना कॅथलिक बायबलमधल्या तोबितच्या ग्रंथातली प्रेतसंस्काराची सेवा जोडून मध्ययुगात सात दयाकृत्ये ठरली. त्यांच्याभोवती सेवाभावी श्रद्धाळूंचे बंधुसंघ उभे राहिले, इस्पितळे निघाली. त्याचबरोबर नरकाच्या धास्तीने पुण्याचा सौदा करण्याची वृत्तीही फोफावली. 1517 नंतर जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्यावरच बोट ठेवले: तारण विश्वासाने मिळते, सत्कृत्ये ही त्याची किंमत नव्हे, त्याचे फळ आहे. मत्तयचा हा 25वा अध्याय मात्र कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन्ही पंथांनी सोडला नाही.

1498 मध्ये लिस्बनला स्थापन झालेली मिझरिकॉर्डिया ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोव्यात आली. सात शारीरिक आणि सात आध्यात्मिक अशी चौदा दयाकृत्ये तिच्या नियमांतच लिहिलेली होती, आणि त्यांत रुग्ण व कैदी यांची सेवाही होती. त्याच गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांना शिक्षा करणारे धर्मन्यायालयही बसले. मत्तयच्याच 13व्या अध्यायात, गव्हातले निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धनी थांबवतो: कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. न्याय देवाचा आहे असे मानणाऱ्यांनीच तो आपल्या हाती घेतला, आणि माणसे तुरुंगात कोंडली, जाळलीही. तुरुंगातल्याला भेटायला सांगणारा धर्मग्रंथ त्यांच्या समोरच होता. या इतिहासातले हे पान ख्रिस्ती माणसाने वगळू नये.

2016 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीची काळजी घेणे हेही दयाकृत्यांमध्ये जोडावे असे सुचवले. त्यासाठी त्यांनी दिलेले दाखलेही घरातल्या वापराचेच होते: गरजेपुरतेच शिजवणे, पाणी जपून वापरणे, नको असलेले दिवे बंद करणे.