जुन्या फायनलची जर्सी करून घ्यायचीय? आधी साल सांगा

युरोपातल्या फुटबॉल क्लबांचा युरोपियन कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग, तिच्या जुन्या फायनलच्या जर्सीच्या ऑर्डरी हल्ली आमच्याकडे बऱ्याच येतात. 'मँचेस्टरची ६८ ची द्या, लाल' म्हणून लोक ॲडव्हान्सही काढतात. मात्र १९६८ ची फायनल मँचेस्टर युनायटेड निळ्या जर्सीत खेळलं होतं! समोरच्या बेन्फिकाचा रंगही लालच, त्यामुळे वेम्बलीवर दोघांनीही रंग बदलला. बेन्फिका पांढऱ्यात, युनायटेड निळ्यात. युनायटेडचे खेळाडू दगावले त्या म्युनिकच्या विमान अपघाताला दहा वर्षं झाली होती आणि युनायटेडने जादा वेळेत ४-१ ने कप घेतला. ती जर्सी लाल केली, तर ती १९६८ ची राहत नाही. शाहू स्टेडियमवर लांबूनच रंगावरनं संघ ओळखणाऱ्या कोल्हापूरकरांना हे जास्त समजावून सांगायला नको.

सगळ्यात सोपं काम: रियाल माद्रिद

स्पर्धेची कल्पना 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाच्या गाब्रिएल आनो यांची. पहिली फायनल १३ जून १९५६ ला पॅरिसमध्ये झाली. रियाल फ्रान्सच्या रॅंस संघाविरुद्ध ०-२ ने मागे पडलं होतं, शेवटी ४-३ ने जिंकलं. पुढचे चार कपही त्यांनीच उचलले. त्यातली १९६० ची ग्लासगोची फायनल आमच्या मते आजवरची सगळ्यात देखणी. हॅम्पडन पार्कवर सव्वा लाखाच्या वर प्रेक्षक, आइनट्राख्ट फ्रँकफुर्टवर ७-३ ने विजय. पुश्काशचे चार गोल, डी स्टेफानोचे तीन. पांढरं कापड, पाठीवर ९ किंवा १० आकडा, बस्स. नाव टाकू नका, त्या काळी पाठीवर नावं नसायची.

पांढरी दिसली म्हणजे रियालचीच, असं मात्र नाही. एसी मिलानचे पट्टे लाल-काळे, पण फायनलला ते पांढरी लकी मानतात. १९९४ ला त्याच पांढऱ्यात त्यांनी बार्सिलोनाला ४-० ने धुतलं. २००५ ला इस्तंबूलमध्येही पांढरीच होती. मध्यंतराला ३-० ने पुढे होते, आणि तरी लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल फेडून पेनल्टीवर कप नेला. दोन वर्षांनी अथेन्सला मिलानने पुन्हा पांढरी घातली आणि इन्झागीच्या दोन गोलांवर त्याच लिव्हरपूलला २-१ ने हरवलं. लकी म्हणायची की नाही, ते गिऱ्हाइकाने ठरवावं.

सेल्टिक, १९६७

ग्लासगोच्या या क्लबची हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची ही जर्सी बघायला सुंदर, करायला किचकट. बाजूच्या शिवणीवर पट्टा पट्ट्याला जुळला नाही तर लगेच नजरेत भरतं, म्हणून हिला दोन दिवस जास्त लागतात. आणि पाठीवर आकडा नाही! सेल्टिकचे आकडे चड्डीवर असायचे, त्यामुळे नुसती जर्सी घेतलीत तर आकडा मिळणार नाही, सेटच घ्यावा लागेल. लिस्बनमध्ये इंटर मिलानला २-१ ने हरवणारे हे अकराही जण ग्लासगोपासून साधारण तीस मैलांच्या आत जन्मलेले. आपल्या गल्लीतली पोरं घेऊन युरोप जिंकण्याचाच हा प्रकार, म्हणून पेठेतल्या संघांना आम्ही हीच सुचवतो.

बार्सिलोना, १९९२

हिचा रंग नारिंगी. वेम्बलीवर जादा वेळेत कुमानच्या फ्री किकने सांपदोरियाला १-० ने हरवलं आणि बार्साला पहिला कप मिळाला. कप घ्यायला मात्र खेळाडू नेहमीची निळी-लाल जर्सी चढवून गेले. त्यामुळे 'फोटोत तर निळी-लाल दिसते' म्हणणारेही खोटं बोलत नाहीत. कप उचलतानाची हवी की खेळतानाची, तेवढं सांगा. कुमानचा आकडा ४.

बाहीवरचा बिल्ला

बाहीवर खास बिल्ला लावायचा मान पाच वेळा किंवा सलग तीन वेळा कप जिंकणाऱ्या क्लबलाच. रियाल, मिलान, बायर्न, लिव्हरपूल, बार्सिलोना आणि आयाक्स, एवढेच सहा. ही पद्धत २००० च्या आसपासची, म्हणून १९६० च्या जर्सीवर आम्ही बिल्ला लावत नाही, कितीही आग्रह केला तरी.

युव्हेंटसने जिंकलेल्या १९८५ च्या फायनलची जर्सी करून देऊ, पण तिच्यावर 'विजेते' असं छापणार नाही. ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर त्या संध्याकाळी सामना सुरू होण्याआधी चेंगराचेंगरीत आणि भिंत कोसळून ३९ माणसं गेली.

ऑर्डर देताना

क्लबचं चिन्ह आणि प्रायोजकाचं नाव छापून मिळणार नाही. रंग, कॉलर, पट्टे आणि आकडे त्या सामन्यासारखे मिळतील. साल, प्रतिस्पर्धी संघ आणि आकडा लिहून द्या. नमुन्याची एक जर्सी आधी दाखवू, ती पसंत पडल्यावरच बाकीचं कापड कापायला घेऊ. कापड कापल्यावर रंग बदलता येत नाही. आणि साइजची यादी संघातल्या एकाच माणसाने पाठवावी.