नावाशिवाय पटणारी मुलांची ओळख

यूट्यूबवर बालगीत पाहणारे मूल आपले नाव, वय, पत्ता यांपैकी काहीच सांगत नाही. तरीही मुलांची वैयक्तिक माहिती बेकायदा गोळा केल्याच्या तक्रारीवरून सप्टेंबर २०१९ मध्ये गूगल व यूट्यूब यांनी अमेरिकेचे फेडरल ट्रेड कमिशन (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) आणि न्यूयॉर्क राज्य यांच्याशी तडजोड केली आणि १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

ही माहिती म्हणजे मुख्यतः एक क्रमांक होता. ब्राउझर एखाद्या संकेतस्थळावर प्रथम जातो तेव्हा तिथला सर्व्हर त्याला ‘कुकी’ नावाची छोटी नोंद देतो. तीत फक्त त्या ब्राउझरसाठी तयार केलेली आकडे-अक्षरांची खूण असते आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझर ती आपणहून परत पाठवतो. कोणता व्हिडिओ पाहिला, किती वेळ पाहिला, कुठे सोडून दिला, हे सारे त्या खुणेखाली साठत जाते. जाहिरातदाराला नावाची गरजच नसते. काल आलेले मूल आज पुन्हा आले, एवढे कळले की त्याचे काम होते. म्हणूनच १३ वर्षांखालील मुलांच्या ऑनलाइन खासगीपणासाठी अमेरिकेत १९९८ साली झालेल्या ‘कोप्पा’ कायद्याच्या नियमांत २०१३ पासून अशा खुणाही वैयक्तिक माहिती मानल्या जातात, आणि त्या जाहिरातींसाठी वापरण्यापूर्वी पालकांची संमती लागते.

यूट्यूब आपली सेवा सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी असल्याचे सांगत असे. प्रत्यक्षात ६ ते ११ वयोगटापर्यंत पोहोचण्यात आपण आघाडीवर आहोत, असे कंपनी खेळणी बनवणाऱ्या मॅटेलला सांगत होती, हे तक्रारीत नोंदवलेले आहे.

जानेवारी २०२० पासून मुलांसाठीचा व्हिडिओ कोणीही पाहिला, तरी पाहणारा मूलच आहे असे धरून यूट्यूब त्यावर वैयक्तिक आवडीनुसार जाहिराती दाखवत नाही. मला ही रचना फार मोलाची वाटते, कारण आपल्या घरांतही मूल बहुधा आईच्या किंवा आजोबांच्या फोनवर, त्यांच्याच खात्यातून व्हिडिओ पाहते आणि तिथे खातेदाराचे वय विचारून काहीच साधत नाही. अर्थात व्हिडिओ मुलांसाठी आहे, ही खूण निर्मात्याने प्रामाणिकपणे करायला हवी. ती अनेक व्हिडिओंवर न केल्याच्या तक्रारीत डिस्नेने २०२५ मध्ये १ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास कलम ९ मनाई करते. मुलांविषयीच्या जबाबदाऱ्या मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच कलमात पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट आहे आणि खरी अडचण तिथेच आहे: मूल कोण आणि पालक कोण हे ठरवायला कंपन्यांनी सर्वांची ओळखपत्रे मागितली, तर आज त्यांच्याकडे नसलेली माहितीही त्यांच्या हाती जाईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांत डिजिलॉकरसारख्या सेवेकडून मिळणाऱ्या टोकनची, म्हणजे पडताळणी झाल्याच्या डिजिटल खुणेची, सोय आहे. त्या टोकनमधून ‘ही व्यक्ती प्रौढ आहे’ एवढेच उत्तर कंपनीला मिळावे आणि जन्मतारीख किंवा कागदपत्राची प्रत तिच्याकडे जाऊ नये, असा आग्रह पालकांनी आताच धरायला हवा, कारण या तरतुदी लागू करण्यासाठी कंपन्यांना दिलेल्या १८ महिन्यांतच या यंत्रणा उभ्या राहणार आहेत.