डेटा प्रारूपभाषा आणि संकेतनपद्धती

डेटा प्रारूपभाषा आणि संकेतनपद्धती : माहितीत कोणते घटक आहेत, प्रत्येकाचा प्रकार कोणता आणि त्यावर निर्बंध काय, हे ज्या भाषेत लिहितात ती डेटा प्रारूपभाषा, तीच माहिती साठवताना वा पाठवताना बाइटांच्या रूपात कशी मांडायची, हे ठरवणारे नियम म्हणजे संकेतनपद्धती, अर्थात एन्कोडिंग.

हर्णै बंदरावर संध्याकाळी होणाऱ्या मासळीच्या लिलावाची संगणकीय नोंद ठेवायची आहे, असे धरू. होडीचा नोंदणी क्रमांक, तांडेलाचे नाव, माशाची जात, किलोतील वजन आणि वेळ एवढे घटक पुरेत. वजन शून्याहून अधिक असावे, जात ठरलेल्या आठ नावांपैकीच असावी, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक होडीची आवक नोंदली जाऊ नये, हे सारे प्रारूपात लिहिता येते. एक्सएमएल किंवा जेसन या मजकूर-रूपातील संकेतनपद्धतींना यातले काहीही कळत नाही. वजनाच्या जागी उणे चाळीस लिहिले तरी त्यांच्या दृष्टीने नोंद निर्दोषच असते. म्हणून प्रारूप आधी आणि संकेतन नंतर, हाच क्रम योग्य होय.

एकाच प्रारूपाला अनेक संकेतने जोडण्याची कल्पना जुनी आहे. १९८४ मध्ये प्रमाणित झालेल्या एएसएन.१ या भाषेसाठी बीईआर, डीईआर, पीईआर असे वेगवेगळे नियमसंच तयार झाले. डीईआरमध्ये प्रत्येक मूल्याचे एकच रूप संभवते. डिजिटल प्रमाणपत्रावरील स्वाक्षरी बाइटांवर केलेली असल्याने तेथे हे अनिवार्य ठरते. पीईआर मात्र प्रारूपातून कळणारी कोणतीही गोष्ट पुन्हा पाठवत नाही. ‘सुरमई’ हा शब्द यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत १५ बाइट घेतो, जेसनच्या यू-संकेतांत (प्रत्येक चिन्हासाठी सहा बाइटांचे रूप) लिहिला तर ३० बाइट घेतो, आणि आठ जातींची यादी प्रारूपात निश्चित असेल तर पीईआरला ३ बिट पुरतात. खाडीच्या तोंडाशी मोबाइलचा सिग्नल तुटक येतो, तेथे हा फरक मोलाचा आहे. त्याची किंमतही आहे: प्रारूप हाताशी नसेल तर ते ३ बिट कोणालाच वाचता येत नाहीत.

नेटवर्क उपकरणांच्या व्यवस्थापनासाठी २०१० मध्ये आलेली यांग ही भाषा प्रथम एक्सएमएलशी बांधलेली होती. २०१६ मध्ये तिचे जेसन संकेतन आणि २०२२ मध्ये सीबोर हे द्विमान संकेतन प्रमाणित झाले. याउलट एक्सएमएल स्कीमा ही प्रारूपभाषा एका संकेतनापुरतीच आहे, तर २०१९ ची सीडीडीएल ही प्रारूपभाषा सीबोर आणि जेसन या दोहोंचे वर्णन करते. प्रोटोकॉल बफर्स या प्रारूप व संकेतन दोन्ही ठरवणाऱ्या पद्धतीत प्रत्येक घटकाचा क्रमांक प्रारूपातच लिहावा लागतो व तोच बाइटांत उतरतो. तो मागाहून बदलला की जुन्या नोंदींचा अर्थ बिघडतो.

प्रारूप आणि संकेतन यांची फारकत पूर्ण कधीच होत नाही. जेसन वाचणाऱ्या अनेक प्रणाली प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या द्विमान तरंगबिंदू (फ्लोटिंग पॉइंट) रूपात ठेवतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या शेवटी २ घेऊन परत येते. म्हणूनच यांगच्या जेसन संकेतनात ६४ बिटांचे पूर्णांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून लिहितात. एक्सएमएलमध्ये एकाच होडीची नोंद आली, तर ती एकटी वस्तू आहे की एका सदस्याची यादी, हे केवळ मजकुरावरून ठरवता येत नाही. जेसनमध्ये चौकटी कंस ते सांगतो.

मराठी नोंदींत आणखी एक अडचण येते. ‘वाऱ्याची दिशा’ या घटकनामातील अर्धा र स्वतंत्र ‘ऱ’ घेऊनही लिहिता येतो आणि साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात, आणि युनिकोडचे सामान्यीकरण, म्हणजे समान अक्षररूपे एकाच बाइटरूपात आणण्याची प्रक्रिया, त्यांना एक करत नाही. एक्सएमएल, जेसन, सीबोर यांपैकी प्रत्येक पद्धती ही दोन वेगळी नावे मानते. त्यामुळे कोणते रूप ग्राह्य धरायचे, हे प्रारूपातच नोंदवावे लागते.