प्राँगहॉर्न घटले, पण खापर एकट्या कोयोटींवर नको

अमेरिकेत वायोमिंगसारख्या राज्यांतल्या सेजब्रश नावाच्या झुडपांच्या माळांबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: ‘कोयोटी आणि लांडगे माजले, म्हणून प्राँगहॉर्न संपत चालले.’ प्राँगहॉर्न म्हणजे तिथला हरणासारखा दिसणारा, वेगाने पळणारा प्राणी; कोयोटी म्हणजे लांडग्याच्याच कुळातला, पण त्याहून लहान शिकारी.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. कोयोटी पाडसं मारतात, तेही मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत, पाडस झुडपाआड निपचित पडून असतं तेव्हा. धडधाकट मोठं जनावर ताशी 80-90 किलोमीटरने पळतं. ते सहसा हाती लागत नाही. लांडग्यांचं तर उलटंच. ते कोयोटींना हुसकावतात, मारतात. त्यामुळे लांडगे असलेल्या भागात पाडसं जास्त जगल्याचं आढळलं आहे.

मग कळप का रोडावतात? आधी कुंपणाकडे बघा. प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही, तारेखालून सरपटत जातो. खालची तार काटेरी आणि जमिनीलगत असेल तर पाठ सोलते, केस तारेला अडकून राहतात. बर्फ साचला की ती फटही बुजते आणि चाऱ्याकडे निघालेला कळप तिथेच अडकतो. त्यात दुष्काळ, रस्ते, नैसर्गिक वायूच्या विहिरी, शिवाय वणव्यांनंतर सेजब्रशची जागा बळकावणारं चीटग्रास नावाचं गवत.

पडताळायचं असेल तर उन्हाळ्याअखेरच्या गणनेत शंभर माद्यांमागे पाडसं किती, ते पाहा. पाडसं पुरेशी असूनही कळप घटत असेल, तर कारण मोठ्या जनावरांच्या मृत्यूत शोधावं लागतं. पाडसंच कमी असतील, तरी माद्यांना चारा पुरला का, हे आधी विचारावं. उपाशी आईचं पाडस अशक्त जन्मतं आणि कोयोटीच्या तावडीत लवकर सापडतं.