वजन परत आल्यावर दुसरं ऑपरेशन: पार्श्वभूमी

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, दोन-तीन वर्षं बरी गेली आणि काटा पुन्हा वर सरकू लागला, की दुसऱ्या ऑपरेशनचा विषय निघतो. स्लीव्ह (जठर कापून अरुंद नळीसारखं करणं) झालेल्यांना बायपास (जठर लहान करून ते आतड्याला थेट खाली जोडणं) सुचवला जातो, बायपास झालेल्यांना आतड्याची जोडणी आणखी खाली नेण्याबद्दल सांगितलं जातं, जुना बँड (जठराभोवती बसवलेला पट्टा) असेल तर तो काढून दुसरं काही. अमेरिकेत २०११ साली झालेल्या सुमारे १ लाख ५८ हजार बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, शस्त्रक्रियांपैकी ६ टक्के अशा फेर-शस्त्रक्रिया होत्या. २०१९ मध्ये एकूण आकडा २ लाख ५६ हजारांवर गेला आणि त्यात फेर-शस्त्रक्रियांचा वाटा जवळपास १७ टक्के झाला. तरीही दुसरं ऑपरेशन ही नवी गोष्ट नाही. ते पहिल्याइतकंच जुनं आहे. बदललं आहे ते करण्यामागचं कारण.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नाच्या रस्त्यातून बाजूला काढण्याचं ऑपरेशन प्रसिद्ध झालं. वजन उतरलं, पण पाठोपाठ जुलाब, मूतखडे, सांध्यांची सूज आणि काही रुग्णांत यकृत निकामी होणं सुरू झालं. १९८० च्या सुमारास हे ऑपरेशन मागे पडलं, तोवर असंख्य लोकांच्या पोटात ती जोडणी होऊन गेली होती. त्यातल्या अनेकांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं ते जोडणी उलटवण्यासाठी, म्हणजे जीव वाचवण्यासाठी. आतडं पूर्ववत केलं की वजन परत येई, म्हणून ते उलटवतानाच जठरावर काहीतरी करून देण्याची रीत पडली.

जठराचा बायपास १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. १९८० च्या सुरुवातीला जठराला उभे स्टेपल मारून खाली पट्टी बसवण्याची पद्धत रूढ झाली. आतड्याला हात लागत नसल्याने ती सुरक्षित वाटली. मात्र काहींत स्टेपलची ओळ उसवली आणि अन्न पुन्हा मोठ्या जठरात जाऊ लागलं. काहींना पोळी-भाकरीसारखं घट्ट अन्न उतरेना, तेव्हा आइस्क्रीम, सरबतं अशा सहज उतरणाऱ्या पदार्थांकडे ते वळले. यातल्या पुष्कळांना पुढे बायपास करून दिला गेला. 'पहिलं फसलं, दुसरं करू' हा आजचा प्रघात इथून पडला.

याच काळात स्वीडनमध्ये एक मोठा अभ्यास सुरू होता. १९८७ पासून घेतलेल्या रुग्णांचे आकडे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायला हवेत. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं; दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. स्टेपल-पट्टीवाल्यांत ती २५ वरून १६ वर आली, बँडवाल्यांत २० वरून १४ वर. थोडं वजन परत येणं हा या शस्त्रक्रियांचा सरासरी प्रवासच आहे. हे पहिल्या ऑपरेशनच्या आधी नीट सांगितलं जात नाही, म्हणून पाच-सात किलो वाढले की माणूस स्वतःला गुन्हेगार समजू लागतो आणि तपासणीला जायचंच सोडतो. डॉक्टर पहिल्यांदा भेटतात ते वीस किलो वाढल्यावर.

घट्ट-सैल करता येणारा बँड दुर्बिणीतून बसवायला १९९३ मध्ये युरोपात सुरुवात झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. काही कापायचं नाही, नको झाला तर काढता येतो, म्हणून तो झपाट्याने पसरला. पुढे बँड सरकणं, जठराच्या भिंतीत रुतणं, त्याच्या वर अन्ननलिका फुगणं, आणि पुरेसं वजन न उतरणं अशा तक्रारी साचत गेल्या. अमेरिकेत २०११ मध्ये एकूण शस्त्रक्रियांत बँडचा वाटा ३५ टक्के होता, २०१९ मध्ये तो एका टक्क्याहूनही खाली गेला. फेर-शस्त्रक्रियांचा आकडा त्याच वर्षांत फुगला, याचं एक मोठं कारण हे काढलेले बँड होते.

बँडची जागा स्लीव्हने घेतली. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा कापून केळ्याच्या आकाराची नळी ठेवायची, हे ते ऑपरेशन. स्लीव्ह मुळात स्वतंत्र ऑपरेशन नव्हतंच. २००० च्या सुमारास अतिशय जास्त वजनाच्या, जोखमीच्या रुग्णांवर मोठी शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत करावी, आधी जठर लहान करावं आणि वजन थोडं उतरल्यावर आतड्याचा भाग करावा, असं ठरलं. पहिल्या टप्प्यातच काहींचं इतकं वजन उतरलं की दुसऱ्याची गरज पडली नाही. त्यावरून पहिला टप्पाच पूर्ण उपचार म्हणून दिला जाऊ लागला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत ते जगातलं सर्वाधिक होणारं बेरिॲट्रिक ऑपरेशन झालं. भारतातही ते फार चटकन रुजलं. २०१७ मध्ये इजिप्तहून विमानाने मुंबईत आणलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेवर झालेलं ऑपरेशन स्लीव्हच होतं. त्या बातम्यांमुळे तो शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला.

दोन टप्प्यांचा हा इतिहास माहीत असेल तर स्लीव्हनंतरच्या दुसऱ्या ऑपरेशनकडे वेगळ्या नजरेने पाहता येतं. १४०-१५० किलोच्या माणसाला स्लीव्ह करताना 'पुढे दुसरा टप्पा लागू शकतो' असं सांगितलं असेल, तर दुसरं ऑपरेशन ही ठरलेल्या उपचाराची पुढची पायरी असते. सांगितलं नसेल तर तेच ऑपरेशन रुग्णाच्या माथी 'अपयश' म्हणून बसतं.

इथेच या विषयातला सर्वांत गुंतागुंतीचा मुद्दा येतो: पहिलं ऑपरेशन अयशस्वी झालं, हे ठरवायचं कशावरून?

बरीच वर्षं वापरात असलेली कसोटी १९८० च्या दशकाची आहे. 'जादा वजना'पैकी निम्मं उतरलं तर यश, नाहीतर अपयश. जादा म्हणजे आदर्श वजनापेक्षा जादा, आणि ते आदर्श वजन तेव्हा अमेरिकेतल्या एका आयुर्विमा कंपनीच्या उंची-वजनाच्या तक्त्यावरून घेतलं जाई. पुढे तक्ता गेला आणि बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ ला येणारं वजन आदर्श मानलं जाऊ लागलं. पन्नास टक्क्यांची रेघ तशीच राहिली. या रेघेच्या एका बाजूला मधुमेह आटोक्यात येतो आणि दुसऱ्या बाजूला येत नाही, असं काही नाही. ती सोयीची रेघ होती.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, १५५ सेंटिमीटर उंचीच्या एका बाईंचं ऑपरेशनच्या वेळी वजन १२० किलो होतं, सर्वांत कमी ७८ झालं आणि आता ९० आहे. बीएमआय २५ धरला तर आदर्श वजन ६० किलो, जादा ६० किलो, त्यातले ३० गेलेले. म्हणजे बरोबर पन्नास टक्के, त्या काठावर उत्तीर्ण. भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २३ ला मानतात. ती धरली तर आदर्श वजन ५५ किलोंवर येतं, घट ४६ टक्के भरते आणि त्याच बाई नापास होतात. सर्वांत कमी वजनापासून १५ टक्क्यांहून अधिक वाढ म्हणजे वजन परत आलं, ही दुसरी प्रचलित कसोटी लावली तर ७८ वर १२ किलो म्हणजे १५.४ टक्के, इथेही त्या सापडतात. दहा किलोंची कसोटी लावली तरी तेच. पण २०२४ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मतैक्याने ठरवलेली व्याख्या बघा: मूळ वजनाच्या २० टक्के किंवा जास्त घट असेल तर सुरुवातीचा प्रतिसाद चांगला, आणि उतरलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून अधिक परत आलं तर ती पुनर्वाढ. या बाईंची कमाल घट ३५ टक्के होती, आजही ती २५ टक्के आहे, आणि ४२ किलोंपैकी १२ परत आले म्हणजे २८.६ टक्के. वजनापुरतं पाहिलं तर या व्याख्येत त्यांचं ऑपरेशन फसलेलं नाही. त्याच व्याख्येत मधुमेह, रक्तदाब, झोपेतला श्वासाचा त्रास असे आजार पुन्हा बिघडले का, हेही तपासायला सांगितलं आहे आणि तेच महत्त्वाचं आहे.

एकच बाई, एकच काटा, आणि वेगवेगळे निकाल. ज्या निकालावर पुन्हा भूल घेऊन पोट उघडायचं की नाही हे ठरतं, तो कुठल्या पट्टीवर काढला हे रुग्णाला विचारता आलं पाहिजे. नव्या लिखाणात 'अपयश' हा शब्दच टाळतात. लठ्ठपणा हा उलटून येणारा, दीर्घकाळचा आजार आहे ही समजूत आता पक्की होत चालली आहे. रक्तदाबाची एक गोळी पुरली नाही तर दुसरी जोडतात, तेव्हा रुग्ण नापास झाला असं कुणी म्हणत नाही.

जिथे पहिल्या ऑपरेशनमुळे दुखणं झालं आहे, तिथे निर्णय तुलनेने सरळ असतो. स्लीव्हनंतरची जळजळ हे त्याचं ठळक उदाहरण. नळीत दाब जास्त राहतो आणि आम्ल वर चढतं. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना दहा वर्षं चालली, तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७ टक्के. रात्री उशा रचून बसावं लागतं, गोळ्यांचा डोस वाढवूनही आंबट पाणी घशाशी येतं, अशा माणसाला स्लीव्हचा बायपास करून दिला तर बहुधा मोठा आराम पडतो. बँड रुतला, नळी मध्येच अरुंद झाली किंवा पिळवटली, तरी ऑपरेशन लागतं.

केवळ वजनासाठीचा निर्णय तसा नाही. दुसऱ्या ऑपरेशननंतर उतरणारं वजन पहिल्याच्या मानाने सहसा कमी असतं आणि धोका जास्त, कारण जुन्या टाक्यांच्या जागी अवयव एकमेकांना चिकटलेले असतात आणि रक्तपुरवठा बदललेला असतो. जोडणी जितकी खाली न्यावी तितकं वजन उतरतं, पण प्रथिनं, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व यांची तूटही तितकी वाढते. भारतात आवडता झालेला मिनी बायपास (आतड्याची एकच जोडणी असलेला) या वादात मधोमध आहे. फ्रान्समधल्या २०१९ च्या तुलनेत वजनाच्या बाबतीत तो नेहमीच्या बायपासइतकाच ठरला, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी त्यात जास्त निघाल्या. वरण-भात, पोळी-भाजी आणि वाटीभर दही एवढ्यावर प्रथिनांची भिस्त असलेल्या घरात हा धोका कागदावरचा राहत नाही. माझं मत असं, की एंडोस्कोपी आणि तपासणीत पोटाच्या रचनेत दोष सापडला नसेल, तर नुसत्या वाढलेल्या आकड्यासाठी सुरीची घाई करू नये.

पैशाचा प्रश्न यात शेवटी येतो, पण निर्णय बरेचदा तोच घेतो. भारताच्या विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून कुठले उपचार वगळायचे याच्या अटी सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या केल्या. त्यानुसार लठ्ठपणाचं ऑपरेशन मंजूर व्हायला बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयाच्या स्नायूचा लठ्ठपणाजन्य आजार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेतला गंभीर श्वासरोध किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काही. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच ३७.५ आणि ३२.५ हे कमी आकडे सुचवले होते. अटींत ते आले नाहीत. वरच्या उदाहरणातल्या बाईंचा बीएमआय आज ३७.५ आहे. त्यांचे गुडघे गेले असतील आणि छातीत रोज जळजळत असेल, पण ही दोन्ही दुखणी त्या यादीत नाहीत. पहिल्या ऑपरेशनने त्या बीएमआय ५० वरून खाली आल्या, याची कुठे नोंद नाही. आणखी सहा-सात किलो वाढले तर मात्र त्या ४० च्या रेघेवर बसतात.

२०२१ पासून वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी हे सगळं गणित हलवलं आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं, टर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. लंडनमध्ये २०२३ साली आधी ऑपरेशन होऊनही वजन पुरेसं न उतरलेल्या ७० जणांवर जुन्या लिराग्लुटाइडची चाचणी झाली, तेव्हा २४ आठवड्यांत घट जवळपास ९ टक्के होती आणि खोट्या इंजेक्शनच्या गटात अर्धा टक्का. भारतात टर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आलं. दुसऱ्या ऑपरेशनआधी काही महिने इंजेक्शन देऊन पाहावं, असा विचार आता पुष्कळ सर्जनही करतात. अडचण एवढीच, की इंजेक्शन थांबलं की वजन परत येतं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आल्याचं दिसलं आहे. महिन्याचा हा खर्च किती वर्षं झेपेल, हा प्रश्न ऑपरेशनच्या खर्चाशेजारी ठेवूनच पाहावा लागतो.

दुसऱ्या ऑपरेशनकडे जाण्याआधी एक कागद मात्र प्रत्येकाने मिळवावा: पहिल्या ऑपरेशनची ओटी नोट, म्हणजे सर्जनने ऑपरेशनमध्ये काय केलं याची नोंद. डिस्चार्ज कार्डावर बहुधा 'लॅप्रोस्कोपिक स्लीव्ह' किंवा 'मिनी बायपास' एवढी एक ओळ असते. दुसऱ्या सर्जनला हवं असतं ते वेगळंच: नळी किती जाडीच्या बूजीवर (मापासाठी जठरात घातलेल्या नळीवर) कापली, आतडं किती सेंटिमीटर बाजूला काढलं, बँडचा कुठला भाग आत राहिला आहे का, डायफ्रॅममधलं (छाती-पोटामधल्या पडद्यातलं) भोक शिवलं होतं का. ही नोट रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज देऊन मागता येते. जुनी कागदपत्रं तिथे कायम ठेवली जातीलच असं नाही, म्हणून वजन उतरलेलं असतानाच, पहिल्या वर्षी, ती घेऊन ठेवलेली बरी.