विश्वसनीयता-वृद्धी प्रतिमान

नव्या यंत्राचा नमुना चाचणीत बिघडतो, कारण शोधून रचना बदलतात आणि चाचणी पुढे चालू होते. अशा फेऱ्यांमध्ये यंत्राची विश्वसनीयता किती वाढली, हे संभाव्यतेने मोजण्याची ही पद्धत. साधी सरासरी इथे दिशाभूल करते. केव्हाच दुरुस्त झालेल्या जुन्या दोषांचे ओझे ती शेवटपर्यंत वाहते.

जनरल इलेक्ट्रिकमधील जे. टी. ड्युएन यांना १९६० च्या दशकाच्या आरंभी आढळले, की एकूण तास भागिले एकूण बिघाड ही संख्या लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर लॉगचे मापन असलेल्या आलेखकागदावर) तासांसमोर मांडली, तर बिंदू जवळपास सरळ रेषेत पडतात. संख्याशास्त्रज्ञ लॅरी क्रो यांनी १९७४ मध्ये या निरीक्षणाला असमांग पॉयसाँ प्रक्रियेचा, म्हणजे यादृच्छिक घटना मोजणाऱ्या एका संभाव्यता-प्रक्रियेचा, पाया दिला. तीत बिघाडाचा दर काळानुसार बदलतो: ‘ट’ तासांपर्यंतचे अपेक्षित बिघाड म्हणजे ‘ट’चा बीटा घात गुणिले लॅम्डा; बीटा आणि लॅम्डा हे चाचणीच्या नोंदींतून काढायचे दोन आकडे. बीटा १ पेक्षा कमी असेल तर सुधारणा होते आहे, जास्त असेल तर यंत्र खालावते आहे.

समजा, १००० तासांच्या चाचणीत १२, ४०, ९५, १८०, ३१०, ४७०, ६४० आणि ८८० व्या तासाला बिघाड झाले. १००० ला प्रत्येक वेळेने भागून नैसर्गिक लॉग घ्यावा. आठांची बेरीज १४.२१ येते, ८ भागिले १४.२१ म्हणजे बीटा ०.५६. आताचा दर ८ × ०.५६३ ÷ १००० = तासाला ०.००४५, म्हणजे दोन बिघाडांत सरासरी २२२ तास. साधी सरासरी १२५ च सांगते. रचना इथेच गोठवली आणि दर स्थिर राहिला, तर पुढचे १०० तास विनाबिघाड जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. मात्र बिघाड थोडे असले की बीटा फुगतो. म्हणून बीटाच्या भागाकारात ८ ऐवजी एक कमी, म्हणजे ७ घेतात. मग तो ०.४९ येतो.

गणित सोपे आहे, घोटाळे नोंदवहीत होतात. दोष दुरुस्त झाला म्हणून त्याचा बिघाड यादीतून खोडणे ही नेहमीची चूक. तसे केले तर प्रतिमानाला सुधारणा दिसणारच नाही. दोन नमुने एकाच वेळी चालत असतील, तर दोघांचे तास मिळून धरावे लागतात. मध्येच चाचणीचे तापमान वा भार उतरवला, तर रेषा फसवी चढते. सगळ्या दुरुस्त्या चाचणी संपल्यावर एकदम केल्या, तर हे प्रतिमान लावूच नये: वाढ उडीने होते, घातवक्राने नाही. लॉग-लॉग कागदावर तर जवळपास काहीही सरळ दिसते, तेव्हा नुसत्या डोळ्यावर विसंबू नये. आणि सूत्र वायबुल वितरणासारखे दिसले तरी वायबुल हे एकाच सुट्या भागाचे आयुर्मान सांगते, दुरुस्त होत जाणाऱ्या यंत्राचे नव्हे.